दीड मिलिमीटर

शहापुरात, साड्यांच्या दुकानावरच्या माडीत
माझी खुर्ची. दातांच्या दवाखान्यातून जुनी घेतलेली.
पाटीवर कन्नड ठळक, मराठी तिच्या पदराआड.
वडील वडगावात माग चालवायचे;
सुताला ताण किती द्यायचा ते मी तिथं शिकलो.
कातडीलाही तेवढाच लागतो:
डाव्या हाताच्या दोन बोटांनी ताणून धरायची,
उजव्यात मशीन गुणगुणत येतं.

सुई आत जाते दीड मिलिमीटर, फार तर दोन.
वरवर राहिली तर रंग खपलीबरोबर निघून जातो,
खोल गेली तर शाई हद्द सोडून पसरते
आणि मग रेघ कुठं संपली
हे तुम्हालाही सांगता येत नाही, मलाही.

पोरं येतात मोबाईल पुढं करून.
मागच्या वर्षी पिसं होती, पिसांतून उडणारे पक्षी;
यंदा मनगटावर बारीक रेघेचं एकच फूल,
नाहीतर ईसीजीची ओळ, टोकाला आईबाप.
हिंडलग्याचा एक छातीवर ‘सीमा’ गोंदवून गेला.
मी म्हटलं, कुठली रे?
लाजला. म्हणाला, खानापूरची.
आठ महिन्यांनी परत आला, झाकून द्या म्हणत.
त्या दोन अक्षरांवर मी घार बसवली.
पंखाखाली काना अजून दिसतो,
ज्याला ठाऊक त्यालाच.

आक्काताई आली निपाणीहून, दुपारच्या बसनं, भाचीला घेऊन.
बोटांना जर्द्याचा वास, वखारीतली चाळीस वर्षं.
कोपराखाली हिरवट ओळ, धुवून धुवून विटलेली.
“हे जरा उजळून दे की रं. मालकाचं नाव हाय.”
नाव ती घेईना. भाचीनं सांगितलं: भूपाल.

चिंचलीच्या जत्रंत, लिंबाखाली,
तीन सुया दोऱ्यानं बांधून,
दिव्याच्या काजळीत कारल्याच्या पानांचा रस घालून
गोंदणारीनं चार आणे घेतले होते.
“मला वाचाय येत न्हवतं, तिला लिवाय.
त्ये म्हणाले, भारी झालंय.
त्येनला तरी कुठं येत हुतं!”

मी भिंग लावलं.
पहिलं अक्षर कन्नडच्या गोलाईत निघालेलं,
मध्येच त्याला शिरोरेघ भेटलेली,
पुढं काहीतरी पानासारखं,
शेवटी तीन ठिपके.
भाची म्हणाली, आता नीट लिहा.
मी विचारलं, मराठीत की कन्नडात?
आक्काताईनं हात मागं घेतला.
“जाताना त्येनी हेच धरलं हुतं.
हाय तसंच गिरव.”

पाकीट तिच्यासमोर फोडलं, नवी सुई दाखवली.
स्टेन्सिल नाही लावली. कशाची लावणार?
म्हातारी कातडी ताण धरत नाही, बोटांखालून निसटते.
सव्वा तास मी त्या अक्षरांवरून गेलो
जी कुठल्याच शाळेत शिकवली नाहीत,
चूक चुकू नये म्हणून श्वास रोखून.

मग नेहमीचं सांगितलं:
पट्टी तीन तासांनी काढा. कोमट पाणी, साधा साबण,
पुसू नका, टिपून घ्या. मलम अगदी पातळ.
खपली धरेल, खाजेल, नख लावायचं नाही.
ऊन नको, नदीत बुडी नको,
आणि दोन आठवडे वखारीतली धूळ नको.
“मग खायाचं काय, तुझं मलम?”

हसली. मीही हसलो. भाची नाही हसली.
धुतलेल्या सुती साडीचा तुकडा
सैल गुंडाळून दिला, वरून लांब बाही घाल म्हटलं.
पाचशे सांगितले. तिनं तीनशे मोजले,
जिन्यात थांबून परत वर आली, आणखी पन्नास ठेवले.

पंधरा दिवसांनी भाचीनं फोटो पाठवला.
ओळ काळीभोर, कडा स्वच्छ,
फक्त तिसरा ठिपका पुसट.
तिथं आक्काताईनं खाजवलंय.